तीन बरगड्या

८ जून, रविवार

शेवटची नोंद दोन मार्चची आहे आणि ती पाण्याच्या मोटारीबद्दल आहे. म्हणजे नानांना, माझ्या वडिलांना, अॅटॅक येण्याच्या दोन दिवस आधी मला घरातली सर्वांत मोठी चिंता मोटारीची होती. तीन महिने वही उघडली नाही, त्याबद्दल माफी मागतो. कोणाची, ते नीट कळत नाही. पण मागितल्याशिवाय पुढे लिहवत नाही. दवाखान्यातल्या बाकावर लिहायला वेळ भरपूर होता. धीर नव्हता. जे लिहीन ते खरं होईल असं वाटायचं. मी बी.एस्सी. झालेला माणूस, वीस वर्षं सातपूरच्या कारखान्यात मालाची तपासणी करतो, आणि मला असं वाटायचं.

नाना आता बरे आहेत. म्हणजे दिवाणावर बसून टीव्ही बघतात. डॉक्टरांनी रोज पाऊण तास चालायला सांगितलं आहे. नाना ऐकत नाहीत. "काम असलं की माणूस चालतो. नुसतं चालायचं म्हंजी काय, येड्यावानी?" जन्मभर शेवंती आणि मेथी पिकवून नाशिकच्या बाजारात नेलेल्या माणसाला मी रोज डॉक्टरांचा कागद वाचून दाखवतो.

वही उघडायचं कारण मात्र वेगळं आहे. आज घरात कुत्रा आला.

माझी लेक सृष्टी सहावीत असल्यापासून मागत होती. आता ती अकरावीत गेली. बायकोचा, सुवर्णाचा भाऊ गोरक्ष नामपूरला कांद्याचा व्यापार करतो, त्याच्या ओळखीने आम्ही चिमाजीबाबांकडे गेलो. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या कारवान कुत्रे आहेत, सशामागे सोडायचे ते. शिकार कायद्याने बंद झाली, कुत्रे राहिले. लांब पाय, खपाटीला गेलेलं पोट, अरुंद तोंड. मी किंमत विचारली तर बाबा रागावले.

"मी कुत्रा इकस नही. देस."

विकत नाहीत, देतात. आणि देताना अट घालतात. "पोळाले मी येसू. तीन बरगड्या दिसल्या पायजेत. कमरेच्या दोन हाडांमधी माझी चार बोटं बसली पायजेत. नही बसली, तर कुत्रा लई जासू. मंग रडानं नही."

सृष्टीने तिथेच मान हलवली. मी अट पाकिटामागे लिहून घेतली: पोळ्याला बघायला येणार, बरगड्या-बोटं जमली नाहीत तर कुत्रा परत नेणार. खाणंही: दोन वेळ बाजरीची एकेक भाकरी ताकात कुस्करून, एक दिवसाआड उकडलेलं चिकन, बस. नाव बाण्या. वय दीड वर्ष. वजन २३.८ किलो (मी त्याला उचलून काट्यावर उभा राहिलो आणि माझं वजन वजा केलं. माझं वजन इथे लिहीत नाही).

१० जून

बाण्या शेपूट हलवत नाही. भुंकत नाही. चेंडू टाकला की चेंडूकडे बघतो, मग माझ्याकडे, आणि मला चेंडूची फार गरज असेल तर मी स्वतः जाईन अशा विश्वासाने बसून राहतो. सृष्टी म्हणते, "पप्पा, हा आपल्याला पाहुणे समजतो."

तो नानांच्या गोधडीवर झोपतो. नानांचं म्हणणं, जनावर घरात नको. संध्याकाळी कामावरून आलो तर कुत्रा दिवाणावर आडवा पसरलेला आणि नाना कडेला, अर्धे अधांतरी. मी कुत्र्याला रागावलो. नाना मला म्हणाले, "झोपलेल्याला उठवू नये."

सकाळी मी त्याला फिरवायला नेलं. गेटबाहेर त्याने मला असं ओढलं की मी शेजारच्या मंगलाबाईंच्या तुळशीत. नाना ओट्यावरून बघत होते. "कासरा असा धरत्यात व्हय? हाताला गुंडाळ नको, तोडशील बोटं. दे इकडं." पाच मिनिटांनी परत आणतो म्हणाले. कालव्याच्या पाटापर्यंत जाऊन आले. मला काळजी वाटली. त्यांना असं ओढलं तर?

२२ जून, रविवार

झेंडू काढून रान मोकळं झालंय म्हणून आज दोर सोडला. चूक होती, तरी लिहितो: मी असं काही आजवर पाहिलं नव्हतं. चारही पाय पोटाखाली गोळा होतात आणि मग तो उघडतो. पावलांचा आवाजच येत नाही. बांधावरचे बगळे उठेपर्यंत तो त्यांच्या पलीकडे गेला होता. मग शेजारच्या द्राक्षबागेत शिरला आणि दिसेनासा झाला. मी हाका मारमारून घसा बसवला.

नाना म्हणाले, "वरडू नको. बस." दोघं बांधावर बसलो. मार्चनंतर नाना पहिल्यांदाच रानात आले होते, हे मला आता लिहिताना लक्षात येतंय. चाळीस मिनिटांनी बाण्या आला, जीभ काढून, जणू आम्हीच उशीर केला.

"दमलं की जनावर घरी येतं," नाना म्हणाले. "माणसाचं काय खरं नाय."

मी त्याचं तोंड उघडून पाहिलं. रक्त नव्हतं. ससा मारला असता तर गुन्हा झाला असता; कायदा मी वाचला आहे. मग मी स्वतःहून वनखात्यात गेलो असतो का? गेलो असतो असं वाटतं. सुवर्णा म्हणाली, "गेला असता, आणि साक्षीदार म्हणून मला नेलं असतं."

पुन्हा दोर सोडायचा नाही. कुंपणाची जाळी झाल्याशिवाय नाही.

२८ जून

मंगलाबाई गेटवर थांबून मोठ्याने म्हणाल्या, "अहो नाना, जनावराला खायला घालता का नुसतं फिरवता? बरगड्या मोजून घ्याव्यात!" नानांचे कान लाल झाले. जेवताना एकदम म्हणाले, "माझा बाप म्हणायचा, ज्याच्या दावणीला हाडं दिसतात त्याच्या घरात पोरगी देऊ नये."

मी पाकीट काढून अट वाचून दाखवली. तीन बरगड्या दिसल्याच पाहिजेत. नाना म्हणाले, "ते नामपूरला. हितं आपल्याला लोकांत राहायचंय."

सुवर्णा बराच वेळ बाण्याच्या पाठीकडे बघत होती.

१३ जुलै, रविवार

बाण्या २५.१. खाणं तेच, भाकरी मी स्वतः मोजून देतो, तरी सव्वा किलो वाढ. कदाचित वयाचं असेल.

बाकी घरात आनंद आहे. नानांची भूक परत आली! दोनऐवजी तीन भाकऱ्या घेतात. तिसरी ओट्यावर नेऊन खातात, म्हणतात आत घुसमटतं. सृष्टीचा डबा इतक्या वर्षांत पहिल्यांदा रोज रिकामा येतोय, अगदी दुधीची भाजी असली तरी. सुवर्णासुद्धा सायीचं भांडं कधी नव्हे ते स्वतः संपवते. पावसाळी हवेचा परिणाम असावा. मार्चमध्ये या घरात कोणाला घास जात नव्हता, ते आठवलं आणि बरं वाटलं.

२० जुलै

काटा काढलाच होता म्हणून नानांनाही उभं केलं. दवाखान्यातून आले तेव्हा ७२. आज ६८.

तीन भाकऱ्या खाणाऱ्या माणसाचं वजन चार किलो कसं उतरतं? मोबाईलवर शोधलं. शोधायला नको होतं. सुवर्णाला सांगितलं नाही. मग सांगितलं, कारण न सांगणं हेही खोटंच. ती म्हणाली, "अहो, बरे दिसतात की ते." मला दिसणं नको आहे, मला रिपोर्ट हवा आहे.

बाण्या २६.४. एक वाढतो, एक उतरतो. दोघांचाही हिशोब जमत नाही.

२४ जुलै

सगळे रिपोर्ट चांगले. साखर ठीक, रक्तदाब तर माझ्यापेक्षा चांगला. हृदयाचे डॉक्टर म्हणाले, "काय करताय नाना? जे करताय ते चालू ठेवा."

"काय नाय. बसून असतो," नाना म्हणाले.

बाहेर आल्यावर मी रिक्षात तोंड फिरवून बसलो. नानांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, मग काढला. गोळ्यांचं वेळापत्रक मी भिंतीवर लावलं होतं, त्याचा उपयोग झाला असावा.

३ ऑगस्ट, रविवार

बाण्या २८.६.

काट्यावर संशय आला. कारखान्यातून रीतसर परवानगी घेऊन वीस किलोचं प्रमाणित वजन घरी आणलं. काटा बरोबर आहे. म्हणजे चूक माणसात आहे.

प्रामाणिकपणे लिहायचं तर मी त्याला रोज चार ग्लुकोज बिस्किटं देतो. ती मी मोजत नव्हतो. कामावरून आलो की तो गेटशी येतो, आता शेपटीचं टोक थोडं हलवतो, मी बिस्किट देतो. ते मला खाणं वाटत नव्हतं. बोलणं वाटत होतं. पण चार बिस्किटांनी पाच किलो वाढत नाहीत.

५ ऑगस्ट, मंगळवार

कुंपणाची जाळी गेल्याच आठवड्यात झाली, म्हणून मोकळा सोडला होता. बांधावर मुंगूस दिसलं. बाण्या उठला, वीसेक पावलं धावला आणि बसला. उठला तो पुढचा उजवा पाय उचलून.

जनावरांच्या डॉक्टरांनी पाय दाबून पाहिला. मोडलेलं नाही; वजनाने सांधा ताणला आहे. आठ दिवस फक्त सावकाश चालवा, धावणं बंद. मग त्याच्या पोटाखाली हात घालून माझ्याकडे बघत राहिले. "साहेब, हा शिकारी कुत्रा आहे. याला गणपती का करताय?"

बावीस तारखेला पोळा. सतरा दिवस. चिमाजीबाबा शब्दाचे पक्के आहेत.

सृष्टी परत येताना गाडीत रडली. बाण्याने तिच्या मांडीवर डोकं ठेवलं होतं. नाना पुढे बसून दोराची गाठ सोडत-बांधत होते.

६ ऑगस्ट

आज ताटं वाढल्यावर मी उभा राहिलो आणि बिस्किटांची कबुली दिली. वाटलं होतं सगळे मला बोलतील. पण सगळे आपापल्या ताटात बघत होते.

मग सृष्टी म्हणाली, "माझा डबा."

"कुठला डबा?"

"रोजचा. तीन पोळ्या. कॉलेजातून आल्यावर, गेटपाशीच. मंगलाकाकू म्हणाल्या तेव्हापासून."

सुवर्णाने पदराने कपाळ पुसलं. "साय. आणि सकाळी एक अंडं. कधीतरी दोन. अहो, त्याच्या बरगड्या बघितल्या की मला दवाखान्यातले नाना दिसायचे."

मी नानांकडे बघितलं. नाना भाकरीचा तुकडा मोडत होते, मोडतच राहिले.

"नाना?"

"पोळा येतोय," ते म्हणाले. "पोळ्याला माणूस येऊन जनावर बघणार. मग जनावर कसं पायजे? भरलेलं पायजे. तुकतुकीत. बैल असता तर महिनाभर आधीपासून पेंड चारली असती. याला पेंड चालत नाय म्हणून भाकरी दिली. जरा तूप लावून."

"तिसरी भाकरी?"

"दुसरीबी."

म्हणजे महिनाभर नाना एका भाकरीवर होते, आणि मी या वहीत त्यांची भूक सुधारली असं आनंदाने लिहीत होतो. सुवर्णा आधी हसली. मग सृष्टी. मग नानाही, ठसका लागेपर्यंत. मला हसू यायला वेळ लागला. मी मनात बेरीज करत होतो. पण आलं. बाण्या दिवाणावरून आमच्याकडे बघत होता, पाहुण्यांकडे बघतात तसा.

ठरलं: खाणं एकच माणूस देणार. सृष्टीने नानांचं नाव घेतलं. मला ते धोक्याचं वाटलं, पण मी मान्य केलं.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

२७.६. पाय सुधारला, लंगडत नाही. नाना अट अक्षरशः पाळतात. भाकरी कुस्करताना तर्जनीवर उरलेलं ताकसुद्धा धुऊन टाकतात. सकाळी दोन तास, संध्याकाळी एक तास त्याला पाटाच्या कडेने नेतात. नुसतं चालणं, डॉक्टरांनी सांगितलं तसं. मी म्हटलं, तुम्हाला फार होईल. म्हणाले, "मला काय होतंय? त्याला उतरवायचंय ना."

मंगलाबाई आज झेंडावंदनाहून येताना पुन्हा म्हणाल्या, "नाना, वाळवलं हो तुम्ही त्याला!" नाना थांबले. "मंगलाबाई, तो बैल नाय. त्याची हाडं हीच त्याची अब्रू हाय." आणि पुढे गेले. मी गेटमागे उभा होतो. माझे वडील चुकलो म्हणून सांगतात, हे मी कधी ऐकलं नव्हतं. हे तसंच काहीसं होतं.

२१ ऑगस्ट

२६.९. बोटं लावून पाहिली: माझी साडेतीन बसतात. बरगड्या दोन स्पष्ट, तिसरी प्रकाश तिरपा असला तर. नापास.

आज संध्याकाळचं खाणं चुकवलं आणि पाणी कमी दिलं तर उद्या थोडा बारीक दिसेल, हा विचार माझ्या मनात आला. मी तो केला, म्हणून लिहितो. सुवर्णाला सांगितला. ती म्हणाली, "परीक्षेला कॉपी करायची तर ती तुम्ही करावी, मुक्या जनावराकडून नको." भाकरी वेळेवर दिली.

नानांनी दोर धुऊन वाळत घातला आहे. कशासाठी ते विचारलं नाही.

२२ ऑगस्ट, शुक्रवार. पोळा

सकाळी मातीच्या बैलांची पूजा झाली. खरे बैल नऊ वर्षांपूर्वी गेले. चिमाजीबाबा साडेअकराला आले, सटाण्याहून एसटी बदलून, पांढरी टोपी, हातात कापडी पिशवी. ओट्यापाशी वहाणा काढल्या आणि तिथेच खाली बघत उभे राहिले. मला वाटलं दम लागला. मी पाणी दिलं.

बाण्याने त्यांना ओळखलं. जाऊन हात हुंगला. बाबांनी त्याच्याशी गोड बोलण्यात वेळ घालवला नाही. पाठीवरून हात फिरवला, बरगड्या बघितल्या, कमरेवर बोटं ठेवली. तीन बसली. चौथं टोकावर.

मला राहवलं नाही. मी वही आणली आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं: बिस्किटं, डबा, साय, तूप, मुंगूस, पाय, २८.६. सुवर्णा मागून माझा शर्ट ओढत होती. बाबा ऐकत राहिले.

"बिघडायना," ते म्हणाले. बिघडला.

सृष्टी आत गेली. दार लोटल्याचा आवाज आला.

तेव्हा नाना उठले. वाळत घातलेला दोर आणला आणि बाबांच्या हातात दिला. "चूक माझी हाय. मी त्याला बैल समजलो. शब्द दिला होता, घेऊन जा." आवाज सरळ होता. मग ते दिवाणावर बसले आणि गोधडीची घडी घालायला लागले. ती घडी जमेना. तीनदा उलगडली. मी पुढे व्हावं की नको ते मला कळेना. 

बाबा दोर हातात घेऊन ओट्याकडे बोट दाखवत म्हणाले, "त्या चपला कोनन्या?"

"नानांच्या," मी म्हणालो.

"कधी घेतल्या?"

"जूनमध्ये."

बाबा बाहेर गेले आणि चप्पल उलटी करून आत घेऊन आले. पोळ्याच्या दिवशी, देवापुढे. टाच झिजून पातळ झाली होती, उजवीची जास्त. एका जागी तर आरपार. "जूनमधी घेतेल चप्पल," ते म्हणाले, "आन्‌ पोळाले अशी? किती चालतस तुम्ही?"

नानांनी खांदे उडवले. "पाटाच्या कडंनं. जातो पुलापर्यंत."

"पूल इथून साडेतीन किलोमीटर आहे," मी म्हणालो. मी तो आकडा उच्चारला आणि मग मला तो ऐकू आला. जाऊन-येऊन सात. मी अडीच महिने कुत्र्याच्या प्रत्येक भाकरीची नोंद ठेवली. माझा बाप रोज किती किलोमीटर चालतो, हे कुठेच लिहिलं नाही.

"लोक वजन चढवतस," बाबा म्हणाले. "चढवाले काय लागस? भाकर लागस. उतरवाले माणूस लागस. तो मी आज पाहिला." दोर त्यांनी नानांच्या मांडीवर ठेवला. "अर्धं बोट कमी शे. दिवाळीपर्यंत ते व्हयी जाई. आन्‌ खरं सांगू का, कंडक्टरला इचारून आलो होतो. तो म्हणे, कुत्र्याला एसटीत घेत नही."

नाना हसले नाहीत. गोधडी तशीच हातात, मान खाली. बाण्या दिवाणावर चढला, उलगडलेल्या गोधडीवर दोनदा फिरला आणि बसला. आतून सृष्टी धावत आली. दारामागे उभी असणार.

पुरणपोळीचं जेवण दोन वाजेपर्यंत चाललं. बाबा आणि नाना बैलांबद्दल बोलत होते आणि एकमेकांचं खोडून काढत होते. मी कोपऱ्यातून पाहिलं, बाबांचा डावा हात ताटाआड गेला आणि बाण्याने काहीतरी गिळलं. त्यांनी मला बघितलं. मी दुसरीकडे बघितलं. नोंद करणं भाग आहे: पुरणपोळी, अंदाजे तीस ग्रॅम, चिमाजीबाबा.

घर आता शांत आहे. हलकं वाटतंय. मार्चपासून काहीतरी धरून बसलो होतो, ते आज कधी सुटलं ते कळलं नाही. नाना संध्याकाळी त्याच झिजलेल्या चपला घालून पाटावर जायला निघाले. मी थांबवलं नाही, सोबत गेलो. पुलापर्यंत मला दम लागला; त्यांना नाही.

उद्या: नानांच्या पावलाचं माप घेऊन चालायचे बूट आणणे.